आकडा

मालमत्ता विभागात, झेरॉक्स मशीनच्या मागे,
एक पत्र्याचं कपाट आहे.
आत दोनशे बारा आकडे.
मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येकाला किल्ली होती:
बाजारहॉल, शवागार, तीन वाचनालयं,
कालव्याकाठची गिरणी, जिथे तेव्हाही फक्त कबुतरंच पाळीवर यायची,
आणि एक किल्ली, चिठ्ठी पुसलेली,
जी कुठल्याच कुलपाला लागली नाही.
आज मोजल्या. एकसष्ट.
ती बिनकुलपाची धरून.
आकड्यांचं असं असतं,
रिकामे झाले की मोजायला सोपे जातात.

हॉलरटन गरीब नाही, झोपलंय फक्त,
असं क्लिफर्ड ऑल्ड्रॉइड म्हणायचे,
पुनर्विकास समितीचे अध्यक्ष, खिशात कायम पेपरमिंट.
त्याला जागं करायला आम्ही कर्ज काढलं
आणि काचेच्या छताचं शॉपिंग सेंटर घेतलं.
भाड्यातून व्याज फिटेल, फिटून उरेल,
उरेल त्यातून रस्ते.
पेपरमिंट सगळ्यांना वाटली. मीही घेतली.
ऋण काढून सण म्हणतात तो हाच,
फक्त सणाला पाहुणे आले नाहीत.
आधी मोठं दुकान गेलं, मग बुटांचं.
आता सरकता जिना दिवसभर
रिकाम्या पायऱ्या वर नेऊन ठेवतो.

ग्वेन पॅडबरी खजिना सांभाळते.
नोव्हेंबरात तिनं खर्चबंदीची नोटीस काढली
आणि नंतर पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून,
बराच वेळ गाडीत बसून राहिली.
मला म्हणाली, पौंडातले एकोणसत्तर पेन्स
म्हाताऱ्यांकडे आणि पोरक्या मुलांकडे जातात.
उरल्यात दिवे, कचरा, खड्डे, पुस्तकं, चौकातली फुलं.
फुलं मी बंद केली.
दात कोरून पोट भरत नाही, माहीत आहे मला.

मग माझ्याकडे यादी आली.
चौथ्या ओळीत टॅनर स्ट्रीटवरचा पोहण्याचा तलाव.
फीत घेऊन गेलो. पाणी उपसलेलं.
पाणी नसलं की कळतं,
उथळ आणि खोल यांच्यामध्ये नुसता एक उतार असतो,
हिरव्या फरशांचा, जरा निसरडा.
इथे बेरिल शटलवर्थनं मला पोहायला शिकवलं.
ती काठावरून चालायची, हनुवटीखाली बांबू धरून,
आणि न सांगता काढून घ्यायची.
अहवालात मी लिहिलं:
इमारतीचं उपयुक्त आयुष्य संपलेलं आहे.
पुनरुज्जीवनाचा नियमच असा,
आधी कुणीतरी मेल्याचं लिहून द्यावं लागतं.

तीन लाख दहा हजार पौंड. फ्लॅट होतील.
दर्शनी भिंत तेवढी ठेवणार आहेत.

मालमत्ता विकून रोजचा खर्च भागवायचा नसतो,
हे आमच्या धंद्यातलं पहिलं पाठांतर.
पण यंदा लंडनहून खास परवानगी आली,
आणि ग्वेननं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
हा तलाव म्हणजे शहरातल्या म्हाताऱ्यांची
घरोघरची शुश्रूषा, सोमवारची पूर्ण,
आणि मंगळवारी दुपारपर्यंत.
बुधवारचं?
तिनं पाकीट उलटं केलं. तिकडे पत्ता होता.

किल्ली मी स्वतः नेऊन दिली विकासकाला.
एकशे सत्तेचाळीसच्या आकड्याला
माझ्या सायकलची किल्ली अडकवली.
कुणी विचारलं नाही.

आणि सोमवारी सकाळी
चिपो नावाची बाई बेरिलकडे येते,
अर्ध्या तासाच्या बोलीवर, बसमधून उतरून धावत.
टबात उतरवताना
एक हात मानेखाली, एक पाठीला.
बेरिल विचारते, किती खोल आहे?
गुडघ्याएवढं, चिपो म्हणते.
बेरिल म्हणते, मग सोड.
चिपो सोडत नाही.